खेळच तर आहे

निफाडचा पारा घसरल्याची बातमी यंदाही पहिल्या पानावर आली. दरवर्षी येते. सोबत दरवर्षीचाच फोटो: कानटोपी घातलेला एक माणूस, पुढ्यात शेकोटी, मागे धुक्यात बुडालेली बाग. नाशिककरांना या थंडीचा इतका अभिमान असतो, की वाटावं ती त्यांनीच पिकवली आहे. सकाळी गंगापूर रोडला फिरायला निघालेली माणसं एकमेकांना आकडा सांगतात आणि कृतकृत्य होऊन पुढे जातात. मी खिडकी उघडली. ओल्या मातीचा वास, त्यात कुठूनतरी लांबून येणारा पाचोळ्याचा धूर. त्या वासानं मला ती थंडी आठवली, ज्या थंडीत आम्ही चौघं गोल्फ खेळत महाराष्ट्रभर हिंडलो.

‘महाराष्ट्रभर’ हा मोठ्या भाऊजींचा शब्द. प्रत्यक्षात आम्ही नाशिकहून नगरला गेलो, तिथून पुण्याला, आणि पुण्यापलीकडच्या एका धरणाकाठून परत आलो. पण भाऊजींच्या तोंडून निघालेलं कुठलंही माप मी कधी जसंच्या तसं धरलेलं नाही.

गोल्फ खेळणाऱ्या माणसांबद्दल माझं मत चांगलं नाही, आणि मी त्यांच्यातलीच असल्यामुळे ते ऐकीव नाही. माझे वडील नाशिकबाहेरच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. कारखान्याच्या वसाहतीच्या टोकाला मुरमाड माळावर कुणा जुन्या साहेबाच्या हौसेपायी नऊ होलचं मैदान आखलेलं होतं. हिरवळ वगैरे काही नाही. चेंडू शेवटी जिथं खड्ड्यात ढकलायचा, तिथं जळक्या तेलात मळलेल्या वाळूचे काळे गोल. खेळून आलं की बुटांना तेलाचा वास यायचा आणि आई ते दाराबाहेर काढायला लावायची. साहेब लोक दुपारच्या उन्हात फिरकत नसत, म्हणून दुपारी मैदान आमचं. वडील आयुष्यभर वाईट खेळले. जेवताना आपला स्कोअर सांगायचे तो हवामान सांगावं तसा, ना खंत ना खुशी. मी मात्र चांगली खेळू लागले. हे मी विनय बाजूला ठेवून सांगते, कारण पुढे त्याचा संबंध आहे.

मग लग्न झालं, ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवण्यात वर्षं गेली. गावात खरंखुरं हिरवं मैदान झालं तेव्हा चाळिशी उलटून गेली होती. माळ्यावरच्या काठ्या काढल्या, तेल पुसलं आणि पुन्हा जायला लागले. तिथं मला कळलं, की हिरवळ आली की माणसं बिघडतात. घरी पाण्याचा तांब्या स्वतः न भरणारे पुरुष इथं पहाटे उठून दवात गुडघे टेकतात आणि डोळे बारीक करून चेंडू कुठल्या वाटेनं जाईल ते बघतात. कॉलर नसलेल्या शर्टातल्या पाहुण्याला दारातून परत पाठवतात, आणि मग कॉलरवाल्या शर्टांत आत बसून खोटं बोलतात. ‘क्लास’ हा त्यांचा लाडका शब्द. फटका क्लास, हवा क्लास, सामोसाही क्लास.

आणि खेळ तर असा, की त्याला पंच नाही. आपला चेंडू आपण शोधायचा, आपले फटके आपण मोजायचे आणि शेवटी आपणच सांगायचे. चेंडू जिथं पडला तिथूनच मारायचा, मग तो बाभळीच्या बुंध्याला का चिकटलेला असेना. सापडला नाही तर दंडाचा एक फटका मोजून पुन्हा मागे जाऊन मारायचा. सगळा खेळ एवढाच आहे. बाकीचं सगळं बूट आणि टोप्या.

भाऊजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे, सुधीरचे, थोरले भाऊ. पिंपळगाव बसवंतला त्यांचं पॅकहाउस आहे, शेजारी कोल्ड स्टोरेज. द्राक्षं परदेशी जातात. आपला माल घेणारे लोक गोल्फ खेळतात असं त्यांना कुणीतरी सांगितलं आणि पन्नाशीनंतर त्यांनी हा खेळ विकत घेतला. विकत घेतला हाच शब्द बरोबर आहे. काठ्यांचा पूर्ण संच, दोन प्रकारचे बूट, आणि स्वतःसाठी खास छापून घेतलेले चेंडू. प्रत्येक चेंडूवर जांभळ्या रंगात द्राक्षाचा घड. ते खेळत त्याच चेंडूंनी, पण कुणाला देत नसत, फक्त दाखवत.

त्या वर्षी डिसेंबरात त्यांनी नवी उंच गाडी घेतली. बागांमध्ये द्राक्षांच्या मण्यांत पाणी भरत होतं, माल सुरू व्हायला अवकाश होता, पॅकहाउस रिकामं होतं. सुधीर नुकताच सातपूरच्या कंपनीतून निवृत्त झाला होता. भाऊजींनी ठरवलं, की चार मैदानं खेळायची, चौघांनी जायचं. चौथ्या म्हणजे शैलाताई, माझ्या मोठ्या जाऊबाई. त्या खेळत नसत. चहाचा थर्मास, चिवड्याचा डबा आणि लोकरीचं विणकाम घेऊन त्या प्रत्येक क्लबच्या व्हरांड्यात बसणार होत्या, हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं आणि त्यांनीही कुणाला विचारलं नव्हतं.

प्रवासाला आणखी एक कारण होतं. सुधीरनं आता पॅकहाउसला यावं, निर्यातीच्या मालाची तपासणी त्याच्याकडे घ्यावी, पेट्यांच्या कागदांवर त्याची सही असावी, अशी भाऊजींची इच्छा होती. फिरता फिरता ठरवून टाकू, असं ते म्हणाले होते. सुधीरनं मला ते सांगितलं तेव्हा तो खूश दिसत होता. निवृत्तीनंतरचे पहिले महिने त्यानं घड्याळाकडे बघत काढले होते.

सुधीरचं काम तपासणीचंच. कंपनीत त्याचा दरारा होता. डोळ्यांना दिसणारही नाही इतक्या फरकासाठी त्यानं मालाचे ट्रे परत पाठवलेले मला माहीत आहेत. वरिष्ठांनी रागावून पाहिलं, गोड बोलून पाहिलं, हा हलला नाही. घरीसुद्धा पोळी एका कडेला जाड झाली तर तो काही बोलत नसे, पण बोटानं ती कड चाचपत असे. अशा माणसाशी मी लग्न केलं याचा मला अभिमान होता. तो अभिमान किती ठिकाणी पुरतो ते मी कधी मोजलं नव्हतं.

पहिला डाव नाशिकलाच झाला. धुकं इतकं, की मारलेला चेंडू दिसायचा नाही, फक्त कुठंतरी पडल्याचा आवाज यायचा. अशा हवेत भाऊजी फार आनंदात असत. चेंडूकडे चालत जाताना ते गुणगुणायचे. गुणगुणणं थांबलं की समजावं, काम झालं. उजव्या बुटाच्या आतल्या कडेनं, मांजराला दाराबाहेर सारावं तसा, ते चेंडू झुडपातून मोकळ्यावर घ्यायचे. हरवलेला चेंडू तर त्यांना नेहमीच सापडायचा, आणि सापडायचा तो कायम बऱ्या जागी. सात फटके मारून आकडा सांगताना त्यांच्या आवाजात नम्रता यायची. “पाच धर सुधीर. आज काही जमत नाही बघ.” आणि मायक्रॉनसाठी ट्रे परत पाठवणारा माझा नवरा कार्डावर पाच लिहायचा.

बॅगा उचलणारी माणसं अशा वेळी झाडांकडे बघायची. त्यांचं मी समजू शकते. त्यांना उद्याही तिथंच यायचं असतं.

नगरच्या वाटेवर उसाच्या गाड्या. राहुरीच्या पुढे एका बैलगाडीमागे आम्ही बराच वेळ अडकलो आणि भाऊजींनी तेवढ्या वेळात आम्हाला सचोटीवर व्याख्यान दिलं. परदेशी माणूस तुमचा शब्द बघतो, म्हणाले. एकदा शब्द गेला की बाजार गेला. मी खिडकीतून बाहेर बघत होते. उसाची पानं रस्त्यावर पडून चिरडली होती, त्यांचा गोडसर आंबूस वास गाडीच्या बंद काचांतूनही येत होता. पुढच्या सीटवरून शैलाताईंनी मागे न बघता चिवड्याचा डबा आमच्याकडे केला. त्यांची ती सवय होती. भाऊजी तत्त्वाचं बोलायला लागले की त्या काहीतरी खायला द्यायच्या.

नगरला आमच्याबरोबर भाऊजींच्या ओळखीचे एक निवृत्त अधिकारी खेळले. पाठ ताठ, मिशी पांढरी, बोलणं मोजकं. हा माणूस तरी बोलेल असं मला वाटलं होतं. तिसऱ्याच होलला त्यांनी भाऊजींचा बूट पाहिला. मी त्यांना पाहताना पाहिलं. आणि ते वळून मला समोरच्या कडुलिंबाचं वय सांगू लागले. सभ्य माणसांबद्दलची माझी नावड त्या कडुलिंबाखाली पक्की झाली. लबाड माणूस निदान काहीतरी करत तरी असतो. सभ्य माणूस फक्त विषय बदलतो.

पुण्यात वेगळाच प्रकार. मैदानाच्या चारही बाजूंनी इमारती, वरून कुणीतरी गाद्या वाळत घातलेल्या. तिथला एक सभासद आमच्यात खेळायला आला. चेंडू होलच्या अगदी जवळ असला, की समोरच्यानं ‘दिला’ म्हणायची पद्धत असते. म्हणजे गेला असं समजून पुढचा फटका माफ. या गृहस्थांनी माझा प्रत्येक चेंडू द्यायला सुरुवात केली. लांबचे, उताराचे, सगळे. “लेडीजना दिला,” म्हणायचे आणि हसायचे. मी प्रत्येक चेंडू खेळून होलमध्ये घातला. एक-दोन हुकले, तेही मोजले. शेवटी त्यांना माझा कंटाळा आला आणि ते भाऊजींच्या बाजूनं चालू लागले. दोघांचं छान जमलं. एकाला द्यायची हौस, दुसऱ्याला घ्यायची.

संध्याकाळी मी सुधीरला म्हटलं, की तुला दिसतं ना सगळं. तो म्हणाला, दिसतं. एवढंच. आणि बुटांतली माती झटकत राहिला.

धरणाकाठचं मैदान सगळ्यांत देखणं होतं, हे मान्य करायला हवं. हिवाळ्यातलं पाणी शिशासारखं जड आणि स्थिर. काठावरच्या सुकलेल्या झाडावर पाणकावळे पंख पसरून बसलेले, वाळत घातलेल्या छत्र्यांसारखे. ऊन वर चढलं तरी सावलीतल्या गवतावर दव होतं. आम्ही तिथं पहिल्यांदाच आलो होतो. आज आपण तिघंच, बाहेरचं कुणी नको, घरचा डाव, असं भाऊजी म्हणाले. बॅगा उचलणारी माणसंही त्यांनी नको म्हटली. बॅगांसाठी ढकलायच्या छोट्या गाड्या घेऊ, म्हणाले.

पाण्याच्या कडेनं जाणारा एक लांब होल होता. भाऊजींनी जोर लावून मारला आणि चेंडू डावीकडे वळून लव्हाळ्यांच्या दिशेनं गेला. माझाही चेंडू त्याच बाजूला गेला होता, थोडा अलीकडे. सुधीरचा सरळ मध्यभागी. तो तसाच खेळतो, लांब नाही, पण सरळ. मी माझ्या चेंडूकडे उतरले. भाऊजी वरच्या अंगाला, मोकळ्या गवतावर शोधत होते, गुणगुणत. पाण्याच्या काठाशी चिखलात काहीतरी पांढरं दिसलं म्हणून मी वाकले. द्राक्षाचा घड. घडाचा वरचा भाग चिखलात, खालचे मणी वर. तेवढ्यात गुणगुणणं थांबलं. मी मान वर केली. भाऊजी हात उंच करून सापडल्याची खूण करत होते. त्यांच्या पायाशी, सुंदर कापलेल्या गवतावर, एक स्वच्छ कोरा चेंडू बसलेला होता.

मी काही ठरवलं नव्हतं. वर्षानुवर्षं परीक्षेच्या वर्गांत उभी राहिलेली बाई जे म्हणते तेच मी म्हटलं, त्याच आवाजात.

“भाऊजी, तुमचा चेंडू इथं आहे.”

ते खाली आले. चिखलातल्या चेंडूकडे बघितलं, हातही लावला नाही. म्हणाले, कुणाचा तरी जुना असेल. मी म्हटलं, यावर घड आहे. ते म्हणाले, मग सकाळी सरावाला मारला तो असेल. सरावाची जागा मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होती, मध्ये टेकडी होती. हे त्यांनाही माहीत होतं. त्यांच्या चेहऱ्यावर लाज नव्हती, कंटाळा होता. एखादी मोलकरीण फारच प्रश्न विचारते आहे असा.

सुधीर येऊन उभा राहिला. भाऊजींनी त्याच्याकडे बघितलं आणि अगदी शांतपणे, मोठ्या भावाच्या हक्कानं म्हणाले, “तूच सांग. माझा कुठला?”

सुधीर वाकला. चिखलातला चेंडू उचलून त्यानं अंगठ्यानं पुसला आणि दोन बोटांत धरून हळूहळू फिरवला. कंपनीत तो तपासायला आलेला सुटा भाग असाच फिरवत असणार. मला वाटलं, आता. आता हा ट्रे परत जाणार. त्यानं चेंडू भाऊजींच्या हातात ठेवला आणि म्हणाला, “जाऊ दे ना. खेळच तर आहे.”

मी माझा चेंडू खेळले आणि चालू लागले. पुढचे सगळे होल मी खेळले, चांगले खेळले. भाऊजींचा मला राग आलाच नव्हता. साप डसतो म्हणून कुणी सापावर रागावत नाही. माझं सगळं मन त्या एका वाक्यावर जाऊन बसलं होतं. आपल्याकडे किती घरं या वाक्यावर उभी आहेत. जाऊ दे. मोठे आहेत. घरचेच आहेत. खेळच तर आहे. जे पाहत नाहीत त्यांना क्षमा आहे. पाहून, पुसून, बोटांत फिरवून, खात्री करून घेऊन मग ‘जाऊ दे’ म्हणणाऱ्याला कसली क्षमा?

ऊन उतरायच्या सुमाराला आम्ही दोघं खोलीच्या गॅलरीत बसलो. पाण्यावर तांबूस रंग होता, पलीकडच्या गावातून गुरांच्या घंटा ऐकू येत होत्या. सुधीर आपणहून बोलू लागला. लहानपणी गावी दोघं भाऊ गोट्या खेळायचे. अंतर वितीनं मोजायचं. दादाची वीत स्वतःच्या वेळी लांब व्हायची आणि सुधीरच्या वेळी आखडायची. एकदा सुधीर बोलला. दादानं सगळ्या गोट्या गोळा केल्या, स्वतःच्या आणि सुधीरच्याही, आणि विहिरीत टाकल्या. आई म्हणाली, मोठा आहे, जाऊ दे. “बोललं की खेळच बंद होतो,” सुधीर मला म्हणाला. “मला खेळायचं असायचं.”

मला त्याची दया यायला हवी होती. आली नाही. साठीच्या माणसाला लहानपणीची विहीर पुरते, याचंच मला नवल वाटलं. मी म्हटलं, “आणि उद्या पेट्यांवर सही करशील तेव्हा?”

मी शाल घेऊन आत गेले. जेवणाच्या वेळी भाऊजींनी इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या, अगदी मजेत. शैलाताई त्यांच्या ताटात भाजी वाढत होत्या. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं, पण त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि मला कळलं, की त्यांना सगळं माहीत आहे.

सकाळी नाश्त्याला पोहे होते. भाऊजींनी लिंबू पिळता पिळता विषय काढला. जानेवारीत माल सुरू होतोय, तू पहिल्या आठवड्यात ये, टेबल लावून ठेवतो, असं काहीसं. सुधीरनं चमचा खाली ठेवला.

“मी नाही येत, दादा.”

भाऊजी हसले. बायकोनं पढवलं का, असं विचारलं. माझ्याकडे बघितलंही नाही.

“ती वेगळं बोलली,” सुधीर म्हणाला. “मला तुला नाही म्हणता येत नाही. आणि तपासणी करणाऱ्याला तेवढं एक यावंच लागतं.”

“आत्ता म्हणालास की.”

“हो,” सुधीर म्हणाला. “पण हे रोज जमणार नाही मला.”

मी आयुष्यात पुष्कळ बाणेदार उत्तरं ऐकली आहेत. शाळा-कॉलेजांच्या संमेलनांत त्यांचा पाऊस असतो. हे तसं नव्हतं. आवाज बारीक होता, पोह्यांवर नजर होती, कपाळावर त्या थंडीतही घाम होता. आदल्या दिवशीचा माझा तिरस्कार त्यानं पुसला गेला असं मी म्हणणार नाही. पण त्या माणसानं स्वतःला परत पाठवलं होतं. नापास, असा शेरा मारून, स्वतःच्या सहीनं. तेवढं मी पाहिलं.

भाऊजींचं क्लबातलं मराठी तेवढ्यात गळून पडलं. “लय शहाणे झाले सगळे,” म्हणाले आणि अर्धे पोहे टाकून उठले.

परतीचा रस्ता लांब होता. नारायणगावच्या बाजूला द्राक्षाच्या बागा सुरू झाल्या. चंदनापुरीचा घाट उतरल्यावर भाऊजींनी चहासाठी गाडी थांबवली आणि सुधीरला घेऊन, म्हणजे सुधीरच्या पुढे चालत, टपरीकडे गेले. मी आणि शैलाताई गाडीला टेकून उभ्या होतो. मला वाटलं, त्या माझा हात हातात घेतील. बायका अशा वेळी घेतात म्हणे. त्या समोरच्या डोंगराकडे बघत म्हणाल्या, “तुझं बोलून झालं, सुनंदा. आता ऐकायचं मला आहे.” आणि थर्मासमधला उरलेला चहा त्यांनी मातीत ओतून दिला.

खरं बोलण्याचा खर्च कुणाच्या खात्यातून जातो, हा विचार मी तोवर केला नव्हता. गणित शिकवणाऱ्या बाईनं करायला हवा होता.

त्यानंतर जाणं-येणं कमी होत गेलं. भांडण असं झालंच नाही. आमच्याकडे भांडणालासुद्धा कुणीतरी ‘जाऊ दे’ म्हणतं. लग्नाकार्यात भेट व्हायची. सुनंदाला हरलेलं सोसत नाही, असं भाऊजींनी नातेवाइकांत पसरवलं होतं. मावशा-आत्यांनी मला बाजूला घेऊन समजावलं, की मनात धरून बसू नये, मन मोठं करावं. मन मोठं करायचा सल्ला आपल्याकडे नेहमी बायकांनाच मिळतो, आणि मोठं करून त्यात ठेवायचं काय, तर दुसऱ्यांचा कचरा. मी मनात धरून ठेवलं आहे. व्यवस्थित, घडी घालून. पॅकहाउसमध्ये तपासणीला त्यांनी दुसरं कुणी घेतलं. माल जातो आहे, बाजारही आहे तिथंच आहे. देव वगैरे कुणी शिक्षा करत नाही, हेही जाता जाता कळलं.

सुधीर सातपूरच्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये अर्धा दिवस जातो. मोटरसायकलवर, मफलर गुंडाळून. आल्यावर कधी कधी सांगतो, आज अमुक माल परत पाठवला. मी ऐकते. आम्ही दोघं रविवारी खेळतो. तो अजूनही सरळ मारतो आणि फटके बरोबर मोजतो, आणि ते मोजताना माझ्याकडे बघत नाही. आमच्यात पूर्वीइतकी गोडी आहे की नाही, ते मला सांगता येणार नाही. पूर्वीपेक्षा कमी खोटं आहे.

आणि मग यंदाची थंडी. निफाडच्या बातमीनंतर दोन-चार दिवसांनी शैलाताईंचा फोन आला. इतक्या वर्षांत त्यांनी मला आपणहून फोन केला नव्हता. आधी तब्येतीची विचारपूस झाली, मग गुडघ्यांची. मग म्हणाल्या, हे सकाळी पॅकहाउसला जातात ते दुपारपर्यंत येत नाहीत. मला शिकवशील का?

मला वाटलं, विणकामाचं म्हणतायत आणि उलटंच बोलतायत, मी तर कधी सुईसुद्धा धरली नाही. म्हटलं, काय शिकवू?

“ते, मारायचं,” त्या म्हणाल्या. “इतकी वर्षं व्हरांड्यातून बघितलं. लांबून सोपं दिसतं.”

आता त्या आठवड्याच्या मधल्या दिवशी येतात, गर्दी नसताना. पंजाबी ड्रेस, त्यावर भाऊजींचा जुना स्वेटर, पायांत कॅनव्हासचे बूट. वय विचारायचं नाही अशी अट आहे. मी त्यांना माझ्या जुन्या काठ्या दिल्या. पहिल्या दिवशी त्यांनी काठी लाटण्यासारखी धरली. मी बोटं सोडवून पुन्हा बसवली. हात गार होते आणि भलतेच ताकदीचे. किती बादल्या, किती कणकेचे गोळे त्या मनगटांतून गेले असतील. चेंडू मारण्याआधी त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, मोजायचं कसं? मी सांगितलं, चेंडूवर काठी फिरवली की एक. त्या म्हणाल्या, हुकला तरी? म्हटलं, हुकला तरी. त्यांनी मान हलवली. नियम आवडल्यासारखी.

परवा धुकं होतं. त्यांचा चेंडू पहिल्याच होलला उजवीकडच्या झुडपात गेला. मी अलीकडे थांबले. त्या आत शिरल्या, ओढणी काट्यांत अडकली ती सोडवली, चेंडू सापडला तसं ‘आहे गं’ म्हणाल्या आणि तिथूनच मारला. काटे हलले, चेंडू हलला नाही. पुन्हा मारला. पुन्हा. प्रत्येक फटक्यानंतर त्या आकडा मोठ्यानं म्हणत होत्या, पाढे म्हणावेत तसा. चार. पाच. सहा. धुक्यातून त्यांचा आवाज सगळ्या मैदानावर जात होता. पलीकडच्या होलभोवतीच्या हिरवळीवर तीन-चार सभासद उभे होते, कॉलरवाले, चांगले बूट घातलेले. ते खेळायचे थांबले आणि वळून पाहू लागले. एकानं हसून मला हाक मारली, आजींना सांगा, बाहेर काढून घ्या, चालतं.

शैलाताईंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाय रोवले, काठी उचलली.

“सात,” त्या म्हणाल्या. मग, “आठ.”